इंजिन ऑइल पितंय, पण निळा धूर नाही. जुना ट्रक, हाफ इंजिन करायचं का?

जुनी_डिझेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सहा सिलिंडरचा टर्बो डिझेल ट्रक आहे, चांगलाच जुना, इनलाइन (मेकॅनिकल) डिझेल पंपवाला, एअर ब्रेकचा. इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं त्यात काही नाही. आधी दोन सर्व्हिसिंगच्या मधे एखादा लिटर ऑइल वर टाकलं की भागायचं. आता हजार किलोमीटरला दोन लिटरच्या आसपास टाकावं लागतंय.

उभ्या गाडीखाली थेंब दिसत नाही. सकाळी स्टार्ट करताना किंचित पांढुरका धूर, तोही लगेच जातो. चढाला लोड असताना हलका काळा. निळा म्हणावा असा धूर मला तरी दिसलेला नाही. ओढ तीच आहे, अ‍ॅव्हरेज तोच आहे (लिटरला चार). मिस्त्री म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन (रिंगा, पिस्टन, लाइनर बदलणं) करून मोकळे व्हा. मन धजत नाही. इंजिन उघडण्याआधी काय काय बघून घ्यावं?

पिस्टनप्रेमी

जुनं इंजिन ऑइल पितंय म्हणजे रिंगा. यात शोधायचं काय? तोपर्यंत १५डब्ल्यू-४० ऑइलच्या जागी जरा घट्ट २०डब्ल्यू-५० टाका, थोडं कमी होईल.

बाराचौदा

पिस्टनप्रेमी, रिंगा असतीलही. पण ज्या गाडीची ओढ आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही जागेवर आहेत तिचं इंजिन नुसत्या अंदाजावर खोलायचं म्हणजे जास्तच घाई झाली.

दादा, आधी मोजमाप नीट करा. "दोन लिटरच्या आसपास" यावर काहीच ठरत नाही. गाडी रोज एकाच सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिक बघायची. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, नंतर जेवढं टाकाल ते मापाने टाका आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवा. डिझेल किती गेलं तेही लिहा. जड डिझेल इंजिनाचा ऑइलचा खप किलोमीटरपेक्षा डिझेलच्या टक्क्यात जास्त खरा कळतो, कारण लोडची गाडी आणि रिकामी गाडी हजार किलोमीटरला सारखी राबत नाही.

तुमचाच हिशोब घ्या. लिटरला चार म्हणजे हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल. त्यावर दोन लिटर ऑइल म्हणजे ०.८ टक्के. तब्येतीने ठीक असलेलं इंजिन ०.१ ते ०.३ टक्क्यांत असतं. जुन्याला थोडी सूट देऊ, पण अर्धा टक्का ओलांडला की शोध घ्यायलाच हवा. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर माझे आकडे सोडा आणि तीच धरा.

आणि एक. वरच्या खुणेच्या वर कधीच भरू नका. "जरा जास्त राहू दे" ही सवय असेल तर क्रँक त्या ऑइलला घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) बाहेर पडतं, आणि आपण म्हणतो इंजिन पितंय. डिपस्टिक मूळचीच आहे ना? मधे कधी नळी किंवा पट्टी बदलली असेल तर खुणाच चुकीच्या असू शकतात.

चाकावरची

बाराचौदांशी सहमत. माझ्या मते ऑइलला जायला तीनच वाटा आहेत. बाहेर पडतं, जळतं, किंवा दुसऱ्या कुठल्या तरी सिस्टिममध्ये शिरतं. मिस्त्री लोक पहिली वाट वरवर बघतात, दुसरीवर सगळं ढकलतात आणि तिसरीकडे ढुंकून बघत नाहीत.

"उभ्या गाडीखाली थेंब नाही" यावर विसंबू नका. थेंब ०.०५ मिलीचा धरला तर एका लिटरचे वीस हजार थेंब झाले. म्हणजे चालत्या गाडीतून दर पन्नास मीटरला एकच थेंब पडला तरी हजार किलोमीटरला एक लिटर गेलं! गाडी उभी असताना ऑइलचं प्रेशर नसतं, त्यामुळे लीक बंदच राहू शकतं. चालताना प्रेशर असतं आणि वारा ऑइल मागे उडवत नेतो.

इंजिन आधी धुऊन कोरडं करा. मग एक लोडची फेरी मारून खाली शिरा आणि वरून खाली बघत या: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं हाउसिंग, टायमिंग कव्हर, पुढचं क्रँक सील, चेंबरचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग, आणि फ्लायव्हीलच्या बाजूचं सील. लीक नेहमी सगळ्यात वरच्या ओल्या जागी असतं, खालचं सगळं ओघळ. क्लच हाउसिंगच्या खाली ओल असेल तर बोटाला लावून वास घ्या, गिअर ऑइलचा वास वेगळा, उग्र असतो.

तिथेच ब्रीदरही काढून बघा. ब्रीदरची जाळी तुंबली की क्रँककेसमध्ये प्रेशर साठतं आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल ढकललं जातं. लोक सीलवर सील बदलत बसतात.

धूरपारखी

धुराबद्दल थोडं लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय हे खरं. पण दिसला नाही म्हणजे जळत नाही, हे खरं नाही. गरम, लोडवर चालणाऱ्या डिझेल इंजिनात थोडं थोडं जळणारं ऑइल डोळ्याला दिसतच नाही. तुमच्या ०.८ टक्क्यांतला काही भाग असा गुपचूप जळत असू शकतो.

दिसत असेल तेव्हा *कधी* दिसतो ते बघा. रात्रभर उभी राहून स्टार्ट केल्यावर निळा भपका येऊन थांबला तर वॉल्व सील किंवा गाइड. लांब उतारावर पाय काढून आलात आणि खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की निळा ढग, तरी संशय तिथेच. लोड असेपर्यंत सतत निळा, आणि ब्रीदरमधूनही वाफ, तर रिंगा-लाइनर. बराच वेळ आयडलिंगला उभी ठेवून मग निघताना निळा, तर टर्बोकडे बघायचं. सकाळचा पांढुरका धूर डोळ्याला झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल आहे, त्याचा ऑइलशी संबंध नाही. इंजेक्टर किंवा टायमिंग बघावं लागेल, पण तो वेगळा धागा होईल.

कंप्रेशन टेस्ट करून घ्या, मात्र तिच्या निकालाला आंधळेपणाने मान देऊ नका. कंप्रेशन धरतात वरच्या रिंगा. ऑइल खरवडून खाली आणायचं काम ऑइल रिंगचं. ती कार्बनने चिकटून बसली असेल तर कंप्रेशन उत्तम येतं आणि ऑइल मात्र जळत राहतं. त्यामुळे कंप्रेशन कमी आलं तर तो पुरावा आहे. चांगलं आलं तर रिंगा निर्दोष सुटल्या असं होत नाही.

पिस्टनप्रेमी

म्हणजे शेवटी रिंगाच की!

कंप्रेशन घेताना सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा रीडिंग घ्यायचं. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर वॉल्व. सोपं आहे.

धूरपारखी

पेट्रोलला ठीक. डिझेलला नको. पिस्टन वर आल्यावर डिझेलमध्ये जागा उरते ती इतकी थोडी की ओतलेलं ऑइलच ती जागा भरतं आणि रीडिंग वाढतंच, रिंगा कशाही असोत. जास्त पडलं तर पिस्टन अडकून कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. त्यापेक्षा लीक-डाउन करा. सिलिंडर कंप्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, वॉल्व बंद) आणून हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइल फिलरमधून फुसफुस आली तर रिंगा, एअर फिलरच्या, सॉरी, फिल्टरच्या बाजूने आली तर इनलेट वॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

जुनी_डिझेल

सगळ्यांचे आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. मोजमाप सुरू केलंय. डिपस्टिक मूळचीच आहे. जमलं तेवढं बघितलं, ते असं:

फिलर कॅप काढून उलटी ठेवली, आयडलिंगला थोडी थरथरते पण उडून पडत नाही, म्हणजे रिंगांमधून फार गॅस खाली येत नसावा. ब्रीदर काढला तर जाळी काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बंद. धुऊन बसवला. टॅपेट कव्हरच्या कडेला ओल होती. इंजिनाची खालची बाजू बऱ्यापैकी कोरडी आहे. फक्त डाव्या चेसिसवर, इंजिनापासून बरंच मागे, काळे चिकट शिंतोडे आहेत. मिस्त्री म्हणतो ती रस्त्याची घाण.

बाराचौदा

ब्रीदर सापडला हे चांगलं झालं. आता टर्बो बघून घ्या. इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढा. आत बोटाला ऑइलचा हलका थर लागला तर घाबरू नका, ब्रीदरची नळी इनटेकला जोडलेली असेल तर तेवढं असतंच. ऑइल साचलेलं किंवा ओघळताना दिसलं तर मात्र टर्बो ऑइल सोडतोय. शाफ्टला आडवा किंचित खेळ असतो, पण पंखा हाउसिंगला घासता कामा नये, आणि पुढे-मागे खेळ जवळपास नसावा.

टर्बो बदलण्याआधी त्याची ऑइल परतीची नळी बघा. ती तुंबली किंवा दबली असेल तर ऑइलला खाली जायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून निघतं. अशा गाडीवर नवाकोरा टर्बो लावला तर तोही ऑइल सोडतो. एअर फिल्टर चोक असला तरी कंप्रेसरच्या बाजूला ओढ तयार होते आणि ऑइल खेचलं जातं.

चाकावरची

यात एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. टर्बोने भरपूर ऑइल सोडलं आणि इंटरकूलरमध्ये साचलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागू शकतं. रेस वाढत जाते, डिझेल बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी इंजिनाजवळ वाकून काही करायला जाऊ नका. मॅन्युअल गिअर असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. बाहेरून बंद करायचं तर इनटेकची हवा फळीसारख्या घट्ट वस्तूने कोंडायची. हात किंवा फडका अजिबात नाही, ओढून घेईल. पाइपमध्ये ऑइल साचलेलं सापडलं तर इंटरकूलर काढून धुतल्याशिवाय गाडी पुन्हा लोडवर नेऊ नका.

नुसताच_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. त्या डाव्या चेसिसवरच्या शिंतोड्यांकडे कोणी पाहिलं नाही का? तिथे वर काय आहे?

बाराचौदा

अरे वा. मी वाचूनही पुढे गेलो होतो.

जुनी_डिझेल, शिंतोडे जिथे आहेत तिथे जवळपास एअर ड्रायर आहे का? ब्रेकचं प्रेशर पूर्ण भरलं की "फुस्स" करून हवा सोडतो तो डबा.

जुनी_डिझेल

हो! ड्रायरच्या बरोबर मागे. खालचा भाग आत्ता हाताने पुसून बघितला, काळं, चिकट, ऑइलचंच वाटतं.

बाराचौदा

मग चाकावरचींची तिसरी वाट आपल्याला सापडली असं दिसतंय.

एअर ब्रेकचा कंप्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. त्यालाही पिस्टन आहे, रिंगा आहेत, बोअर आहे. त्याच्या रिंगा झिजल्या की तो इंजिनाचं ऑइल हवेबरोबर पुढे ढकलतो, आणि ते डिलिव्हरी पाइपातून ड्रायर आणि हवेच्या टाक्यांपर्यंत जातं. ड्रायर प्रत्येक वेळी "फुस्स" करताना त्यातलं थोडं चेसिसवर थुंकतो. धूर नाही, गाडीखाली थेंब नाही, ओढ कमी नाही. तुमची सगळी लक्षणं बसतात.

आता खात्री अशी करा. चाकांना अडण्या लावा. सगळ्या टाक्यांचे ड्रेन एकेक करून उघडा, खाली पांढरा कागद धरा. थोडं पाणी आलं तर ठीक. काळं ऑइल किंवा ताकासारखा पांढरट गाळ आला तर पुरावा मिळाला. मग इंजिन बंद करून, हवा पूर्ण सोडून, कंप्रेसरचा डिलिव्हरी पाइप कंप्रेसरपाशी सोडवा आणि आत बघा. कार्बनचा थर किती ते दिसेल.

फक्त रिंगा धरून थांबू नका. कंप्रेसर ऑइल का फेकतो याची कारणं बरीच असतात. त्याची हवा एअर फिल्टरनंतरच्या पाइपातून घेतलेली असेल आणि फिल्टर चोक असेल, तर सक्शन वाढून ऑइल वर ओढलं जातं. त्याची ऑइलची परतीची वाट तुंबलेली असू शकते. आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे ब्रेक लाइनमधली हवेची गळती. गळतीमुळे प्रेशर टिकत नाही, कंप्रेसरला विश्रांती मिळत नाही, सतत लोडवर राहून तापतो, कार्बन धरतो आणि जास्त ऑइल फेकतो. प्रेशर भरू द्या, बहुतेक गाड्यांत ८ बारच्या आसपास कंप्रेसर अनलोड होतो (हवा भरणं थांबवतो). मग ब्रेकला हात न लावता आयडलिंगवर बघत राहा. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा लोड घेत असेल तर गळती शोधा, साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड तपासा.

हे टाळू नका. ब्रेकच्या लाइनमध्ये गेलेलं ऑइल ड्रायरच्या आतले दाणे निकामी करतं, वॉल्वमधली रबरं फुगवतं. ऑइलचा खर्च राहू द्या बाजूला, हा ब्रेकचा प्रश्न आहे.

पिस्टनप्रेमी

रिंगाच निघाल्या ना शेवटी, फक्त दुसऱ्या मशीनच्या 😄

जुनी_डिझेल

अपडेट. पहिल्या टाकीच्या ड्रेनमधून काळं ऑइल आलं, चांगलं वाटीभर. डिलिव्हरी पाइप आतून कार्बनने निम्मा बुजलेला. गळती मागच्या ब्रेक चेंबरपाशी एका जोडाला आणि फूट वॉल्वच्या (ब्रेक पेडलच्या वॉल्वच्या) एक्झॉस्टला. कंप्रेसर उघडला, बोअरला ओठ (झिजून वर उरलेली कड) पडलेला, रिंगा पातळ झालेल्या. इंजिनाला हात लावला नाही.

कंप्रेसरचं पूर्ण काम केलं, डिलिव्हरी पाइप नवा, ड्रायरचं काडतूस नवं, टाक्या आणि लाइन साफ, दोन्ही गळत्या बंद. फूट वॉल्वचा किट टाकावाच लागला, रबर फुगलं होतं. ब्रीदर साफ केल्यावर टॅपेट कव्हरची ओलही थांबली, पॅकिंग बदललं नाही.

मोजमाप चालूच आहे. आता लोडच्या फेऱ्यांमध्ये हजार किलोमीटरला पाऊण लिटर जातंय.

बाराचौदा

पाऊण लिटर म्हणजे ०.३ टक्के. जुन्या इंजिनाला याहून जास्त काय मागायचं? वही मात्र बंद करू नका. पुढच्या सर्व्हिसला ऑइलचा नमुना लॅबला देता आला तर द्या. लोखंड आणि क्रोमियम दोन्ही वाढलेले दिसले तर लाइनर-रिंगांची झीज. त्यांच्याबरोबर सिलिकॉनही वाढलेलं असेल तर फिल्टरनंतर कुठून तरी धूळ आत जातेय, पाइपचे क्लॅम्प आणि रबरी होज बघा. तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंगं. नुसता एक रिपोर्ट फार काही सांगत नाही, दोन-तीन ओळीने असले की कल कळतो.

धूरपारखी

डिझेल मिसळलंय का तेही रिपोर्टमध्ये बघा. इनलाइन पंपाच्या गाडीत फीड पंपातून किंवा इंजेक्टरच्या लीकमधून डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल तर पट्टीवर पातळी टिकून दिसते आणि ऑइल जातंय हे लपून राहतं. पातळी आपोआप वाढली तर खूश होऊ नका, पट्टीचा वास घ्या.

पिस्टनप्रेमी

आणि समजा इंजिनाच्याच ऑइल रिंगा चिकटल्या असत्या, तर न उघडता काही करता येतं का? सिलिंडरमध्ये सॉल्व्हंट भिजत ठेवतात म्हणे.

धूरपारखी

करतात. कार्बनने चिकटलेली रिंग कधी कधी सुटते, झिजलेली रिंग काही भरून येत नाही. इंजेक्टर काढून थोडं टाकायचं, भिजू द्यायचं, मग इंजेक्टर न लावताच क्रँक फिरवून उरलेलं बाहेर काढायचं, नाहीतर वर सांगितलेली वाकलेल्या रॉडची गोष्ट घडते. फवारा जोरात येतो, समोर कोणी उभं राहायचं नाही. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलणं आलंच, सॉल्व्हंट खाली उतरलेलं असतं. माझा अनुभव संमिश्र आहे.

इंजिन उघडायची वेळ आलीच तर दोन गोष्टी मिस्त्रीला समोर उभं राहून करायला लावा. जुन्या लाइनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा नको. लाइनर गुळगुळीत चकाकत असेल तर होनिंग करून जाळीदार रेघा आणल्याशिवाय रिंगा बसत नाहीत. दुसरं, रिंगेवरची वरच्या बाजूची खूण वरच हवी. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर चढवते, आणि नव्या इंजिनासकट माणूस पुन्हा इथे विचारायला येतो. काम झाल्यावर गाडी तासन्तास आयडलिंगला ठेवून "रन-इन" करू नका. मध्यम लोडवर चालवा, तरच रिंगा बसतात.

नुसताच_वाचक

माझा छोटा डिझेल ट्रक आहे, एअर ब्रेक नाहीत. ऑइल जातंय, धूर नाही. कंप्रेसरच नाही तर मी तिसरी वाट कुठे शोधू?

चाकावरची

ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम पंप असेल. बऱ्याच छोट्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो आणि त्यालाही इंजिनाचं ऑइल जातं. त्याचं सील गेलं तर ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं, म्हणून अल्टरनेटर खालून ओला आहे का बघा. बूस्टरला जाणारी नळी काढून आतही बघा, तिथे ऑइल नसायला हवं.

मग रेडिएटर. इंजिन थंड असताना झाकण काढा, ऑइल कूलर फुटला असेल तर पाण्यावर तपकिरी साय दिसते. चालत्या इंजिनात ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद झाल्यावर उलटंही होऊ शकतं, म्हणून पट्टीवर दुधाळपणा आहे का तेही बघा.

या दोन्हीत काही सापडलं नाही तर वेगळा धागा काढा, आणि पहिल्याच प्रतिसादात डिझेल किती, ऑइल किती, दोन्ही आकडे लिहा.